आबांच्या मोटारीची तीन बुचं

मी आयुष्यात एकच मोटारीचं इंजिन बांधलं, आणि ते गळलं.

हे इतक्या शांतपणे लिहू शकतो, कारण आता सासुरवाडीत मला पुन्हा नीट जेवायला वाढतात. मधली काही वर्षं वाढत होते, पण वाढताना माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सांगलीला एका कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. (डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे, प्रोफेसरांनी फळ्यावर सिद्ध केलेलं यंत्रावर खोटं ठरलं की पोरांसमोर उभा राहणारा माणूस.) सासुरवाडी कोरेगाव तालुक्यातली. सासरे, म्हणजे आबा, पलटणीतनं सुभेदार होऊन घरी आलेले. ऊस, विहीर, दोन म्हशी आणि गोठ्याशेजारच्या छपरात एक विलायती मोटार. ती त्यांनी पाचगणीच्या एका पारशी बावाजीकडनं हौसेनं घेतली, दोन वर्षं मिशीला पीळ देत चालवली, आणि एक दिवस तिचं इंजिन जाम झालं ते झालंच. तेव्हापासून मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मोटारीच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काहीएक दोष नव्हता.

त्या मे महिन्यात आबांना पत्र आलं. साताऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा, आणि तिथं एका ब्रिगेडियरसाहेबांच्या हस्ते आबांचा सत्कार! आबांनी पत्र तीनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "एस्टीनं न्हाई जायचं. आपल्या मोटारीनं जायचं."

यामागं कारण होतं, आणि ते दोन घरं सोडून राहत होतं. हवालदार बापू. आबांच्याच पलटणीतले, पण दोन पायऱ्या खाली राहिलेले आणि ते कधीही न विसरलेले. रोज सकाळी दात घासत छपरापाशी यायचे आणि विचारायचे, "सुभेदार, मोटार कंडम केली का न्हाई अजून?" आबांची आयुष्यात आता एकच इच्छा उरली होती. छातीवर आपली तीन पदकं लावायची, आपल्या मोटारीत बसायचं, आणि बापूला मागच्या सीटवर बसवून साताऱ्याला न्यायचं.

त्या रात्रीच्या जेवणाला कुणी मला काही विचारलं नव्हतं. तरी मी बोललो. "इंजिन म्हणजे काय हो आबा, उष्णतेचं कामात रूपांतर! सुट्टीच आहे. मी बांधतो."

मालनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, जोरात ठसका लागला.

"पाव्हणं, जमंल न्हवं?" आबांनी विचारलं.

"आवं आबा, ह्यांना घरातला स्टो पेटवता येत न्हाई," मालन म्हणाली.

"स्टोव्हमध्ये पिस्टन नसतो," मी म्हणालो. हे उत्तर मला त्या वेळी फार बिनतोड वाटलं होतं.

अवघड कामं रहिमतपूरच्या दस्तगीर मिस्त्रींनी केली. सिलिंडर घासून दिले, पिस्टन बसवून दिले, आणि मला बोल्ट आवळायला दिले. मिरजेला नातलगांकडं निघताना त्यांनी इंजिनाच्या अंगावरची तीन भोकं मला दाखवली. इंजिनाच्या पोटात पाणी खेळतं, ते बाहेर पडू नये म्हणून या भोकांत पत्र्याच्या उथळ वाट्या ठोकून बसवतात. विलायतेत थंडीनं पाणी गोठलं तर ही बुचं उडतात आणि इंजिन फुटायचं वाचतं म्हणे. आमच्याकडं पाणी गोठत नाही. मिळालं तरी पुष्कळ.

"जुनी बुचं परत बसवू नका हां, जावईबापू," मिस्त्री म्हणाले. "गंजलेली हायत. मुंबईला चिठ्ठी टाका, नवी येतील. बाकी कशात बी हात घाला, पण ह्यात आळस करू नका."

मी आळस केला नाही. उलट जुनी बुचं काचकागदानं दोन दिवस घासली. इतकी घासली की आरशासारखी चमकायला लागली. गंज गेला, आणि गंजाबरोबर जवळजवळ बुचंही गेली, हे मला गुरुवारी कळलं. मेळावा रविवारी होता.

गुरुवारी सकाळी आबांनी नारळ फोडला, मी हँडल मारलं, आणि इंजिन चक्क सुरू झालं! आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी इंजिनाच्याही आलं, तिन्ही बुचांतनं.

"पाव्हणं, पानी," आबा म्हणाले.

"नवीन इंजिन आहे आबा, घाम येणारच," मी म्हणालो.

घामाची धार गोठ्यातनं निघून बापूंच्या दारात गेली, आणि धारेचा माग काढत बापू आमच्या दारात आले. दुष्काळानं एकेका घागरीची किंमत शिकवलेलं गाव ते. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, विहिरीवरनं आणलेली सहावी घागर मोटारीत ओतताना माझ्याकडं जे बघितलं, ते मी आजही विसरलेलो नाही.

मग मी विज्ञान बाजूला ठेवून ड्रायव्हर लोकांचं ऐकलं. रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती बुजते, असं एसटीचे ड्रायव्हर सांगतात. मी मामींचा हळदीचा डबाच पालथा केला. गळती बुजली नाही, पिवळी झाली. बापूंनी ओटीवर बसकण मारून आवाज दिला, "काय सुभेदार, मोटारीला हळद लागली! लगीन कवा?"

शुक्रवारी मी गूळ वापरला. हसू नका! उसाच्या मुलखात कोणत्याही अडचणीवर माणसाला आधी गूळच सुचतो. काकवीत चुना कालवून बुचांच्या कडेनं लिंपला. वाळल्यावर तो दगडासारखा झाला, आणि एक थेंब गळेना. मी मामींकडनं चहा मागून घेतला. पाच मिनिटांनी इंजिन तापलं, गूळ पाघळला, आणि सगळ्या आळीत गुऱ्हाळाचा वास सुटला. मग मुंगळे आले. मग गांधीलमाशा आल्या. त्यांतली एक बापूंना चावली, तेवढंच त्या दिवसाचं समाधान.

"पदवी कशात घेतलीया म्हनं ह्यांनी?" बापूंनी गाल चोळत विचारलं.

आबा छपराच्या खांबाला टेकून उभे होते आणि मोटारीकडं बघत होते. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना आधी आशा लावली होती, आणि आता तीच बापूंच्या दारापर्यंत वाहत गेली होती.

शनिवारी दुपारी मी जुनी बुचं उपटून फेकली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतनं (न विचारता) आणलेला व्हर्नियर कॅलिपर काढला. भोकाचा व्यास मोजला. बरोबर छत्तीस मिलिमीटर. मग छत्तीस मिलिमीटरची गोल वस्तू शोधत मी घरभर हिंडलो. कुंकवाचा करंडा मोजला, आबांच्या घड्याळाचं झाकण मोजलं, म्हशीच्या गळ्यातली घंटा मोजायला गेलो तर तिनं शिंग उगारलं.

"काय सोदताय?" मामींनी विचारलं.

"काहीतरी वाटोळं."

"ते तर झालंच की मोटारीचं," मामी म्हणाल्या. पण बाई मनाच्या मोठ्या. लसूण सोलता सोलता त्यांनीच फडताळाकडं बोट केलं. "त्या बिस्किटाच्या डब्यात जुनी पदकं हायत बगा. मामंजींची, चुलत सासऱ्यांची. लय पडल्यात. घ्या हवी तर."

हे वाचून कुणाला धक्का बसला असेल तर तो माणूस त्या गावचा नाही. तिथं घरटी एक शिपाई, आणि घरटी एक पदकांचा डबा. सरकारनं लढाया जिंकल्या आणि पदकं वाटली; त्यांचं पुढं करायचं काय, हे वाटताना सांगितलं नाही. एका घरात पदक जात्याच्या खुंट्याला पाचर म्हणून मारलेलं मी पाहिलंय, आणि एका घरात दुधाच्या चरवीवर झाकण म्हणून.

डबा उघडला. आत काळवंडलेली दहाबारा पदकं, आणि सगळ्यांच्या वर कागदाच्या पुडीत तीन. लख्ख घासलेली! त्यांच्या वरच्या कड्यासुद्धा आधीच काढलेल्या. व्हर्नियर लावला, छत्तीस मिलिमीटर! मी वर आढ्याकडं बघून हात जोडले. देवानं कड्या कापण्याचंही काम वाचवलं होतं.

ही तीन पदकं एवढी लख्ख का, कड्या कुणी काढल्या, आणि पुडीच्या कागदावर गावच्या सोनाराचं नाव का छापलंय, असले प्रश्न मला पडले नाहीत. मी पोरांना चौकस बुद्धीवर दर वर्षी एक तास शिकवत असे.

नळवाल्यांचा सफेदा आणि सुताचा दोरा कडेनं लावून मी ती तिन्ही पदकं हातोड्यानं भोकांत ठोकली. त्यांवरच्या विलायतेच्या राजाचं तोंड बाहेर ठेवलं, शेवटी मान राखायला हवा. एका राजाचं नाक चपटं झालं, पण बसली मात्र अशी घट्ट की विचारू नका. पाणी भरलं, हँडल मारलं, अर्धा तास इंजिन चालवलं. थेंब नाही!

आबा बाहेर आले. खाली जमीन कोरडी होती. त्यांनी चप्पल काढून पायानं चाचपून खात्री केली. बुचं इंजिनाच्या पार खालच्या अंगाला, वाकल्याशिवाय दिसत नाहीत, आणि आबांची कंबर वाकू देत नव्हती.

"कशानं थांबलं म्हनायचं?"

"घरातल्याच वस्तू वापरल्या, आबा."

"शाब्बास, पाव्हणं!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर जी थाप मारली, ती मला लग्नातल्या सगळ्या मानपानापेक्षा मोठी वाटली. रात्री मामींनी मला दोनदा तूप वाढलं.

रविवारी सकाळी आबा कोट, फेटा, इस्त्रीची विजार घालून ओसरीवर उभे राहिले. हवालदार बापू पदकं लावून मोटारीत आधीच बसले होते, मांडीवर पाण्याची कळशी घेऊन. ("वाटंत लागंल की!") मी स्टेअरिंगवर. सगळं कसं छान चाललं होतं.

"मालन, माझी पदकं आन," आबा म्हणाले.

"आई, ती सोनाराची पुडी कुठं ठेवलीस गं?" मालननं विचारलं. "कड्या झिजल्यात म्हणून त्यानं काढल्या, नव्या आत्ता आणून दिल्या बघ."

"बिस्किटाच्या डब्यात, वरच ठिवलीय की," मामी आतनं म्हणाल्या.

आत डबा पालथा झाल्याचा आवाज आला. मी खाली उतरलो, मालनला गोठ्यामागं बोलावलं आणि सगळं सांगितलं.

"आवं, आबांची पदकं तुमी ठोकली?"

"काढू का परत?"

"काढली तर मोटार जाणार न्हाई! न्हाई काढली तर आबा काय लावणार, तुमचं प्रमाणपत्र?"

नेमकं हेच होतं. मोटार चालवायची तर छाती मोकळी, आणि छाती भरायची तर मोटार कंडम. दोन्ही एका वेळी मिळवायची म्हणून आबांनी चार दिवस माझे सगळे चाळे सोसले होते. मग जे झालं ते मालननं केलं असं मी बरीच वर्षं सांगत आलो, पण सुचलं मलाच. डब्यातली दुसरी तीन पदकं काढली, चिंचेनं घासली, फितीत ओवली, आणि आबांच्या कोटावर लावून टाकली. आबांना चष्म्याशिवाय जवळचं दिसत नसे, आणि सत्काराला चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे.

साताऱ्यापर्यंत मोटार अशी गेली की वाटेतले बैलगाडीवाले उभे राहून बघत होते. माहुलीच्या पुलावर आबांनी विनाकारण हॉर्न वाजवायला लावला. कळशी बापूंच्या मांडीवर भरलेलीच राहिली. आबा सुखात होते, आणि मी घामानं चिंब.

मंडपात आधी एका पुढाऱ्यांनी दीड तास भाषण केलं. माजी सैनिक उन्हात, पुढारी पंख्याखाली. "हा देश तुम्हाला कधीही विसरणार नाही," असं ते म्हणाले आणि आबांचं नाव आठवेना म्हणून त्यांनी कागद बघितला. मग ब्रिगेडियरसाहेब उठले. उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी आबांना हार घातला, छातीकडं नजर टाकली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"सुभेदार साब, ये तो पहली जंग के मेडल हैं. उस वक़्त आपकी उमर क्या थी?"

आबांनी टाचा जुळवल्या. पलटणीतला माणूस, साहेबानं विचारलं की खरंच सांगणार. "पैदा नहीं हुआ था, साब!"

माईक चालू होता. सगळा मंडप हसला. पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं विनोद आहे.

"तो फिर ये किसके हैं?"

आबांनी खिशातनं चष्मा काढला, लावला, आणि हनुवटी छातीला टेकवून खाली बघितलं. "ही तर आमच्या वडलांची," ते हळूच म्हणाले. मंडपातलं हसू थांबलं. न मिळवलेलं पदक छातीवर लावणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पहिल्या रांगेत बापू उठून उभे राहिले होते, आणि ते हसत नव्हते, हे सगळ्यात वाईट. आबांचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कसा स्टेजवर चढलो ते आठवत नाही.

"साहेब, चूक माझी आहे. मी जावई. आबांची स्वतःची पदकं आहेत. बाहेर मोटारीच्या इंजिनात आहेत."

हेही माईकवर ऐकू गेलं.

अर्धा मेळावा मोटारीकडं निघाला. मी बॉनेट उघडलं. ब्रिगेडियरसाहेब त्या वयात गुडघ्यावर बसले, मान तिरकी केली, रुमालानं सफेदा पुसला, आणि एकेक पदक वाचलं. तिसऱ्यापाशी थोडं थांबले, नाक चपटं झालेलं ते. आबा शेजारी ताठ उभे होते. माझ्याकडं एकदाही बघत नव्हते.

"पानी रोक रहे हैं?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच आबा म्हणाले, "एक बूँद नहीं गिरा, साब. कोरेगाव से सातारा."

"तो फिर ड्यूटी पर हैं," साहेब उठत म्हणाले. "रहने दो." आणि त्यांनी टाचा जुळवून, सगळ्या मेळाव्यासमोर, इंजिनाला कडक सलाम ठोकला. त्यांच्या पाठोपाठ आधी बापूंनी ठोकला, मग सगळ्यांनी. पुढारी कुणाला सलाम करायचा ते न कळून मोटारीला हार घालून मोकळे झाले.

परत येताना माहुलीचा पूल आला तसे मागनं बापू म्हणाले, "सुभेदार, सरकारनं दिलेलं पदक कामाला आलेलं मी पयल्यांदाच बगितलं." आबा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांच्या मिशा हलल्या. बापूंनी कळशी रस्त्यावर ओतून दिली.

साहेबांच्या सांगण्यावरनं आबांनी बदली पदकांसाठी अर्ज केला. अर्ज मीच भरायला घेतला, तेवढं तरी प्रायश्चित्त म्हणून. त्यात एक रकाना होता, 'पदके गहाळ होण्याचे कारण सविस्तर लिहावे'. मी सविस्तर लिहिलं. इंजिनातल्या पाण्याचा दाब, भोकाचा व्यास, धातूचं प्रसरण, बाजूला एक आकृतीसुद्धा काढली. आबांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, त्यावर उभी आडवी रेघ मारली, आणि खाली स्वतःच्या हातानं एकच शब्द लिहिला.

"जावई."

साध्या दाखल्याला दहा हेलपाटे घालायला लावणारी ती कचेरी. तिनं एक शंका काढली नाही, एक पुरावा मागितला नाही, आणि महिन्याच्या आत तिन्ही पदकं घरपोच पाठवली. मंजुरीवर सही करणारे साहेबही कुणाचे तरी सासरे असावेत.